पन्नास टक्के पाणी, पण कशाच्या?

शोभेच्या झाडांना पाणी कमी करून बघायचं, हा डिसर्टेशनचा (पदवीच्या प्रबंधाचा) विषय दरवर्षी कुणीतरी घेतंच. खर्च बेताचा, कुंड्या ठेवायला टेरेस मिळाली की झालं. त्यात मे-जूनमध्ये तलावांची पातळी खाली गेली आणि पालिकेने पाणीकपात लावली की प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद आयता मिळतो. विषय चांगला आहे, बिनधास्त घ्या. रँडमायझेशन (झाडं गटांत चिठ्ठ्या टाकून वाटणं), रेप्लिकेशन (दर गटात अनेक कुंड्या ठेवणं) वगैरे तुम्ही शिकलेलाच आहात, त्यात शिरत नाही. पण बहुतेकांचे प्रयोग जिथे फसतात ती जागा नीट समजून घ्या.

आपण काय करतो? कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी पूर्ण पाणी मिळणाऱ्या गटाला, रोज अर्धा लिटर, दुसऱ्या गटाला पाव लिटर, आणि वहीत लिहितो ‘५० टक्के’. आता कुंडीत काय होतं ते बघा. आठ इंची कुंडीतून झाडाने आणि ऊन-वाऱ्याने मिळून दिवसभरात समजा २०० मिली पाणी उडवलं. कंट्रोलला ५०० दिले, तर २०० मुरले आणि ३०० तळाच्या भोकातून गच्चीवर. पाव लिटरवाल्या कुंडीतही २०० मुरले, वरचे ५० वाहून गेले. म्हणजे दोघांचंही पोट भरलेलं. ताण कुणालाच बसला नाही. हंगाम संपल्यावर दोन्ही गट सारखेच टवटवीत, आणि आपण निष्कर्ष लिहितो की ही जात कमी पाण्यात उत्तम तग धरते. माझी पहिल्या हंगामाची कोष्टकं अशीच होती, देखणी आणि बिनकामाची.

म्हणून आधी झाड रोज किती पितं ते मोजा, टक्क्यांचं नंतर. संध्याकाळी कुंडी भरपूर भिजवा, वरून प्लॅस्टिक बांधा म्हणजे पाणी उडणार नाही, रात्रभर निथळू द्या आणि सकाळी वजन करा. ही त्या कुंडीची भरलेली अवस्था. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वजन. जितके ग्रॅम घटले तितके मिलिलिटर पाणी गेलं, कारण एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम. कंट्रोलला ही घट पूर्ण भरून द्यायची. बाकीच्या गटांना कंट्रोलच्या सरासरी घटीच्या ७५, ५०, २५ टक्के. खाली थाळी ठेवा. थाळीत पाणी दिसलं तर त्या दिवसाचा आकडा खोटा. स्वयंपाकघरात वापरतात तो दहा किलोचा डिजिटल काटा यासाठी पुरतो, लॅबच्या काट्यासाठी अडून बसू नका. झाड वाढतं तसं कुंडीचं वजनही वाढतं, म्हणून काही जादा झाडं ठेवा आणि अधूनमधून एखादं कापून, तोलून हिशेब दुरुस्त करा. नुसत्या मातीच्या, झाड नसलेल्या दोन-तीन कुंड्याही ठेवा. निव्वळ बाष्पीभवन किती ते त्यांवरून कळतं.

इथेच दुसरी मेख आहे. नर्सरीतली झाडं हल्ली बरीचशी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सालीच्या भुशात, येतात. कोकोपीटचा गोळा कुंडीत एकदा खडखडीत वाळला की पटकन पाणी धरत नाही. गोळा आक्रसतो, कुंडीच्या कडेला फट पडते आणि ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली. ताणाच्या गटाला ठरल्यापेक्षाही कमी मिळतं आणि तुम्हाला पत्ताच नसतो. पाणी दोन-तीन हप्त्यांत, सावकाश द्या आणि दिल्यावर परत वजन करा. त्याहून बरं म्हणजे सगळी झाडं एकाच मिश्रणात बदलून घ्या आणि महिनाभर पोटभर पाण्यावर रुजू द्या. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात जमिनीत अशा चाचण्या होतात. तिथेही झाडं आधी नियमित पाण्यावर रुजवतात आणि मगच त्यांना संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जनाच्या (हवामानावरून काढलेलं, हिरवळीतून आणि तिच्या मातीतून उडणारं पाणी) ८०, ५० आणि २० टक्के पाणी देतात. आपल्याला मात्र झाड आणल्याच्या आठवड्यातच रीडिंग हवं असतं.

मातीत खुपसायचा स्वस्तातला ओलावा-मीटर घेऊ नका. त्यातले बरेचसे खताच्या क्षारांनीही हलतात, कोकोपीटमध्ये तर काहीही दाखवतात. ‘तीन कुंड्या पुरे’ म्हणणाऱ्या गाईडला हो म्हणा आणि दर गटात निदान आठ ठेवा, एखाद-दोन मरतातच. सोसायटीचा माळी कुंडी हाताने उचलून पाणी द्यायचं की नाही ते सांगतो. माझ्या मते तो गाईडपेक्षा पद्धतशीर आहे. आणि परदेशी याद्या उतरवू नका. कुठल्या झाडाला किती पाणी लागतं हे सांगणारी कॅलिफोर्नियाची ‘वुकोल्स’ यादी प्रसिद्ध आहे, पण ती मुख्यतः जाणकारांच्या समित्यांनी अनुभवावरून ठरवलेली आहे, तीही तिथल्या कोरड्या उन्हाळ्यासाठी. आपल्याकडे हवेत दमटपणा असताना झाड जेवढं पाणी उडवतं, तेवढंच ते पुण्याच्या एप्रिलमध्ये उडवेल असं नाही.

घाबरू मात्र नका. एखाद्या दिवशी वजन चुकलं, लोकल बंद पडली, तरी प्रयोग मेला नाही. वहीत तसं लिहा आणि पुढे चला. झाड मेलं तर तेही रीडिंगच.

मोजायचं काय, याचा विचार मात्र आधी करा. शेतात उत्पन्न मोजतात, इथे झाड दिसतं कसं हे महत्त्वाचं. अ‍ॅकॅलिफा कमी पाण्यात जगेल, पण पानं गाळून काड्या उरल्या तर ते कुंपणाला कोण लावणार? उलट बोगनवेलीला थोडा ताण बसला की ती जास्त फुलते, तिला भरपूर पाणी दिलं तर नुसता पाला. दिसण्याला एक ते पाच गुण द्या, पण ते अशा मैत्रिणीकडून द्यायला लावा जिला कुठली कुंडी कुठल्या गटातली हे माहीत नाही. वेळ पहाटेची ठरवा. कोलियस दुपारी मान टाकतो आणि संध्याकाळी पुन्हा उभा राहतो. दुपारचे गुण धरले तर तो भरल्या कुंडीतही नापास होईल.

टेरेसवर कठड्याची सावली सरकते, म्हणून कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून बदला. रुजवणं पावसाळ्याच्या शेवटी उरका, ऑक्टोबरच्या उन्हात मोजणी सुरू करा आणि मेच्या मध्यापर्यंत संपवा. अवकाळी सर येईल म्हणून प्लॅस्टिकची शीट हाताशी असू द्या. शेवटच्या रीडिंगनंतर कुंड्या लगेच वाटून टाकू नका. सगळ्यांना आठवडाभर पूर्ण पाणी द्या आणि कोण पुन्हा पालवतं ते टिपा. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) तो प्रश्न हमखास येतो.