दोन प्रोसेसरांतला एक निवडायचा, तर आधी जुन्या मशीनला विचारा

भाच्याने मला दोन नावं लिहून पाठवली: एएमडीचा रायझन ५ ७६०० आणि इंटेलचा कोअर आय५-१३४००एफ. खाली एकच ओळ, ‘मावशी, यातला चांगला कुठला तेवढं सांग.’ दुसरा प्रोसेसर माझ्या टेबलाखाली दोन वर्षं चालतोय आणि माझं त्याच्यावर मनापासून प्रेम आहे. तरी मी उत्तर दिलं नाही. त्याला म्हटलं, तुझा जुना कॉम्प्युटर घेऊन ये. नवा प्रोसेसर आपल्याला काय देणार हे जुनं मशीनच सगळ्यात नीट सांगतं, फक्त त्याला विचारता यायला हवं.

विचारायची रीत अशी. तुम्ही सगळ्यात जास्त खेळता तो गेम सुरू करा. त्यातली गजबजलेली जागा शोधा: भर चौक, मोठी लढाई, धुराने भरलेला नकाशा. तिथे सेव्ह करा आणि फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) येतात तो आकडा, कागदावर लिहा. मग बाकी काहीही न बदलता फक्त रिझोल्युशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) उतरवा, १०८०पी वरून ७२०पी. आकडा चांगला वर गेला तर आतापर्यंत ग्राफिक्स कार्ड अडवत होतं. नवा प्रोसेसर घेऊन तुमच्या हाती फारसं लागणार नाही. आकडा जागचा हलला नाही तर कार्ड रिकामं बसलंय, कारण प्रोसेसर त्याला पुरेसं काम पुरवत नाही.

‘फक्त रिझोल्युशन’ यावर माझा जोर आहे. बरेच जण या चाचणीत सगळ्या सेटिंग एकदम तळाला नेतात. गर्दीची दाटी, किती लांबचं दिसावं, रे ट्रेसिंग (प्रकाशाचा माग काढून उजेड-सावल्या रंगवणं), या गोष्टींचा भार प्रोसेसरवरही पडतो. त्याही खाली आणल्या की प्रोसेसरचंच ओझं उतरतं, आकडा वाढतो, आणि दोष नाहक कार्डाच्या माथी जातो.

टास्क मॅनेजर बघून निष्कर्ष काढू नका. तिथे प्रोसेसर ४० टक्के दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण तो आकडा सगळ्या थ्रेडची, म्हणजे प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या कामाच्या धाग्यांची, सरासरी असतो. गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र भागावर) ऊर फुटेस्तोवर पळत असतो, बाकीचे कोअर त्याची वाट बघत असतात, आणि सरासरी शांत दिसते. त्यापेक्षा ग्राफिक्स कार्डाचा वापर बघा. तो ९७-९९ टक्क्यांवर टिकून असेल तर कार्ड पूर्ण राबतंय. तो ६०-७० च्या आसपास रेंगाळत असेल आणि फ्रेमरेटवर कुठलीही मर्यादा लावलेली नसेल, तर अडचण बहुधा प्रोसेसरकडे आहे. व्ही-सिंक (फ्रेमरेट मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) चालू ठेवून हे मोजलंत तर मेहनत वाया, म्हणून ते आधी बंद करा.

भाच्याच्या मशीनमध्ये आय५-७४०० होता: चार कोअर, चारच थ्रेड, २०१७ सालचा. सोबत आठ जीबी रॅम आणि नंतर बसवलेलं आरटीएक्स ३०६०. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये आम्ही रिझोल्युशन उतरवलं आणि आकडा ढिम्म हलला नाही. सायबरपंक २०७७ मध्ये गर्दीच्या बाजारात तेच. शहराबाहेरच्या वाळवंटात मात्र कार्डच अडवत होतं. एकाच गेममध्ये दोन उत्तरं येऊ शकतात, म्हणून जागा दोन-तीन निवडा. त्याचा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा, मॉनिटर त्या चार कोअरच्या मशीनवर जवळजवळ वायाच जात होता, हे बघून मला वाईट वाटलं. प्रोसेसर बदलायचा हे पक्कं झालं. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो प्रोसेसर नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

मग आम्ही परीक्षणं उघडली. तिथे प्रोसेसरची तुलना जवळपास नेहमी १०८०पी वर, बाजारातलं सगळ्यात दांडगं कार्ड लावून करतात. ‘असं कोण खेळतं?’ असं भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे, पण त्या पद्धतीमागे कारण आहे: कार्डाचा अडथळा काढल्याशिवाय प्रोसेसरांमधला फरक दिसतच नाही. त्या तक्त्याचा अर्थ इतकाच घ्यायचा की हा प्रोसेसर जास्तीत जास्त किती फ्रेम पुरवू शकतो. तुमचं कार्ड किती फ्रेम काढू शकतं ते वेगळ्या तक्त्यात असतं. दोन्ही आकडे शेजारी लिहा; लहान असेल तो साधारण तुमचा. डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र मोठं करून दाखवणारी अपस्केलिंगची तंत्रं) वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, अपस्केलिंगमध्ये गेम आतून कमी रिझोल्युशनवर चालतो. त्यामुळे १४४०पी च्या पडद्यावरही प्रोसेसरचा फरक पुन्हा डोकं वर काढतो.

सरासरी एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम) थांबू नका, ‘१ टक्का लो’, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेममधला वेग, वाचा. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, १४४ म्हणजे ६.९. सेकंदातल्या एका फ्रेमला ५० मिलिसेकंद लागले तरी सरासरीला त्याचा पत्ता लागत नाही, पण हाताला हिसका बसतो आणि नेम चुकतो. प्रोसेसर कमी पडतो तेव्हा तो बहुतेक वेळा असाच कमी पडतो. दोन प्रोसेसरांची सरासरी जवळजवळ सारखी आणि लो वेगळे असतील, तर मी डोळे मिटून जास्त लो असलेला घेते. मोजायला कॅपफ्रेमएक्स हा फुकटचा प्रोग्राम पुरतो.

आता ही जोडी. दोन्ही जानेवारी २०२३ मधले. ७६०० मध्ये सहा कोअर, बारा थ्रेड, ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत वेग आणि ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, चपळ मेमरी). १३४००एफ मध्ये सहा मोठे कोअर आणि चार छोटे. मोठ्यांचे दोन-दोन थ्रेड, छोट्यांचा एकेक, म्हणून सोळा, वेग ४.६ पर्यंत आणि एल३ कॅश २० एमबी. दोन वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरांचे गिगाहर्ट्झ थेट ताडून काही कळत नाही, कारण एका ठोक्यात कोण किती काम उरकतो ते त्या आकड्यात येत नाही. कॅशचा आकडा गेमसाठी जास्त बोलका आहे. गेमला लागणारी माहिती प्रोसेसरच्या पोटातच सापडली तर रॅमपर्यंतची खेप वाचते. एएमडीने २०२२ मध्ये ५८००एक्स३डी वर कॅशचा जादा थर चढवून ती ९६ एमबी केली, आणि त्याचा वेग भावंडांपेक्षा कमी असूनही तो गेममध्ये त्यांच्या पुढे गेला.

परीक्षणांतही हेच चित्र दिसतं. गेममध्ये ७६०० स्पष्ट पुढे. सगळे थ्रेड एकदम राबवणाऱ्या कामांत, म्हणजे सिनेबेंच ही चाचणी किंवा व्हिडिओचं रेंडरिंग यात, १३४००एफ चे चार छोटे कोअर मदतीला येतात आणि तो थोडा पुढे सरकतो. रोजच्या वापरात, म्हणजे ब्राउजर, हिशेबाची शीट, व्हिडिओ कॉल यांत, दोघांमधला फरक तुम्हाला डोळे बांधून ओळखता येणार नाही. तिथला खोळंबा कमी रॅममुळे किंवा जुन्या हार्ड डिस्कमुळे होतो. रोजच्या कामासाठी या दोघांत जीव टांगून ठेवू नका; तेच पैसे १६ जीबीवरून ३२ जीबी रॅमला लावा.

खरा हिशेब प्रोसेसरच्या डब्याबाहेर आहे. ७६०० एएम५ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरची प्रोसेसरची बैठक) बसतो आणि त्याला डीडीआर५ रॅमच चालते. १३४००एफ एलजीए१७०० मध्ये बसतो आणि मदरबोर्ड जसा घ्याल त्याप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५ चालवतो. माझ्याकडे आधीची ३२ जीबी डीडीआर४ चांगल्या स्थितीत होती, म्हणून मी १३४००एफ घेतला. रॅमचा सगळा खर्च वाचला. मी खेळते सिव्हिलायझेशन ६, आणि मला एफपीएसपेक्षा कॉम्प्युटरच्या चालीला किती सेकंद लागतात याची पडलेली असते. (त्या गेममध्ये नेमकी हीच वेळ मोजणारी चाचणी दिलेली आहे. स्ट्रॅटेजी खेळणाऱ्यांनी ती जरूर चालवावी.) भाच्याकडे वाचवण्यासारखी रॅम नव्हती. त्यामुळे माझं कारण त्याला लागूच पडत नव्हतं.

पुढची वाटही बघा. एलजीए१७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी आली आणि तिथे ती वाट संपली. २०२४ मध्ये इंटेल एलजीए१८५१ कडे वळली. एएम५ वर ७००० नंतर ९००० मालिका बसते, आणि २०२७ व पुढेही हे सॉकेट चालू ठेवण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. चार वर्षांनी बोर्ड न बदलता जादा कॅशचा एखादा एक्स३डी प्रोसेसर बसवता येणं हे शिकणाऱ्या मुलासाठी मोठं आहे. तुम्ही मात्र दर सात-आठ वर्षांनी सगळंच नवं घेणारे असाल, तर या मुद्द्याला किंमत देऊ नका.

नावाच्या शेवटचं अक्षर नीट वाचा. इंटेलच्या ‘एफ’ला आतलं ग्राफिक्स नसतं. माझं कार्ड एकदा दुरुस्तीला गेलं तेव्हा तीन आठवडे पडदा काळा होता आणि ऑफिसचं काम मी शेजारणीच्या लॅपटॉपवर केलं. ७६०० मध्ये छोटंसं ग्राफिक्स आहे. गेमसाठी नाही, पण अशा दिवसांत काम थांबत नाही. आणि मोबाइलवरचे व्हिडिओ एडिट करत असाल तर एफ नसलेला १३४०० बघा, त्यातलं क्विक सिंक (व्हिडिओ झटपट हाताळणारी आतल्या ग्राफिक्समधली सोय) या कामात फार उपयोगी पडतं.

विजेच्या आकड्यातही फसगत होते. दोन्हींच्या डब्यावर ६५ वॉट. प्रत्यक्षात पूर्ण भाराखाली ७६०० ची मर्यादा ८८ वॉट आहे, तर १३४००एफ ची कमाल टर्बो मर्यादा १४८. गेम खेळताना दोन्ही त्याच्या बरेच खाली राहतात. डब्यातला कूलर दोघांनाही मिळतो आणि काम भागवतो, पण भाराखाली पंखा ऐकू येतो.

मग बेरीज करा: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, लागलाच तर कूलर. या बेरजेला तुमच्या दोन-तीन गेममधल्या १ टक्का लोने भागा. एका फ्रेममागे किती खर्च पडतो ते निघेल. त्यानंतर अख्ख्या कॉम्प्युटरची किंमत समोर ठेवा. प्रोसेसर एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाइतका असेल आणि दुसरा त्यापेक्षा २० टक्क्यांनी महाग असेल, तर एकूण खर्च चारच टक्क्यांनी वाढतो. त्या चार टक्क्यांत तुमच्या गेममधला लो दहा टक्क्यांनी वाढत असेल तर मी घासाघीस करणार नाही. पण तोच फरक भरून काढायला कार्ड एक पायरी खाली आणावं लागत असेल, तर स्वस्त प्रोसेसर घ्या आणि कार्ड वाचवा. आमच्याकडे कार्ड आधीच होतं, रॅम नव्यानेच घ्यायची होती आणि खेळ होता काउंटर-स्ट्राइक. ७६०० ठरला.

रॅम घेताना दोन काड्यांचा संच घ्या. ७६०० ला अधिकृतपणे दोन काड्यांवर डीडीआर५-५२०० चालते, चार लावल्या की ३६०० वर येते. आम्ही १६ जीबीच्या दोन, ६००० वेगाच्या घेतल्या आणि प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. भाच्याचा चेहरा उतरला, हात बटणाकडे गेला. मी त्याचा हात धरला. एएम५ वर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची जुळणी करत बसतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. मधेच वीज तोडली की सगळं पहिल्यापासून. आम्ही मुकाट बसून राहिलो आणि चित्र आलं. मग बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग, चालू केलं, कारण ते केल्याशिवाय ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते आणि कोणी सांगतही नाही. पुन्हा एकदा जुळणी, पुन्हा थोडी वाट.

विंडोज आणि ड्रायव्हर झाल्यावर त्याने सायबरपंकमधली बाजारातली तीच जुनी सेव्ह उघडली, तिथेच उभा राहिला, आणि वहीत आय५-७४०० च्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहिला.