शून्य नोंदी दिसल्या म्हणून शोध थांबवू नका

एम.ए.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चा संशोधन आराखडा हाती घेतला की विषयाशी जुळणारे एखादे चांगले पुस्तक कोणाकडून तरी मिळतेच. खरी अडचण त्याच्यासारखी आणखी पुस्तके शोधायला लागल्यावर सुरू होते. ग्रंथालयाचा ओपॅक, म्हणजे पुस्तकांची संगणकीय तालिका, कसा उघडावा आणि लेखकाच्या नावाने पुस्तक कसे काढावे, हे तुम्हाला येत असेल असे धरून मी त्यापुढच्या टप्प्याविषयी लिहिते आहे, कारण त्याच टप्प्यावर माझे पहिले वर्ष फार जड गेले आणि ती दमछाक मी अजून विसरलेले नाही.

माझा विषय सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांचा होता. शहराच्या पूर्व भागात ज्यांचे बालपण गेले, त्यांना मांडीवर सूप घेऊन तेंदूपानात तंबाखू भरणाऱ्या आणि बोलता बोलता विड्या वळणाऱ्या बायकांचे दृश्य नवे नाही. इतक्या ठळक विषयावर ग्रंथालयाच्या संगणकाने तीन-चारच नोंदी दाखवाव्यात, हे मला पटत नव्हते, पण संगणकाला खोटे ठरवण्याचे धैर्यही होत नव्हते. याच ठिकाणी तो सापळा आहे आणि तो मी थोडा पाल्हाळ लावून सांगणार आहे.

संगणकीय तालिका तुम्ही टंकलेली अक्षरे शोधते, तुमच्या मनातला विषय शोधत नाही. ‘विडी’ असे शोधले तर ‘बिडी कामगार’ अशी नोंद येत नाही आणि बहुतेक ठिकाणी ‘विड्या’ हे अनेकवचनही सुटते. इंग्रजी नोंदींत हाच शब्द कधी एक ‘आय’ घालून, कधी दोन ‘ई’ घालून आणि काही लेखनात ‘बिरी’ असाही आढळतो. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याच्या इंग्रजी नावात दोन ‘ई’ आहेत, त्यामुळे कायद्याविषयीची पुस्तके एका लेखनाखाली आणि समाजशास्त्राची दुसऱ्या लेखनाखाली सापडू शकतात. आपल्या शहराच्या नावाची गत याहून वेगळी नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 1884 सालचा विसावा खंड आपल्या जिल्ह्याचा आहे, पण त्यावर इंग्रजीत ‘शोलापूर’ छापलेले आहे, आणि स्वातंत्र्यापूर्वीचे बहुतेक इंग्रजी लेखन तेच रूप वापरते. ‘एस’नंतरचे ते ‘एच’ तुम्ही टंकले नाही, तर जुना सगळा साठा तुमच्यापुरता नाहीसा होतो. देवनागरीत शोधतानाही निश्चिंत राहू नये, कारण ‘सोलापूर’मधला दीर्घ ऊकार ‘सोलापुरातील’मध्ये ऱ्हस्व होतो आणि संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी अक्षरे आहेत. त्यात 1962 मध्ये शुद्धलेखनाचे नियम बदलण्यापूर्वीची पुस्तके ‘नाहीं’, ‘कांहीं’ अशा अनुस्वारांसह नोंदलेली असतात, काही ग्रंथालयांत मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत चढवलेली असतात, आणि परदेशी ग्रंथालयांच्या नोंदींत तर आपण न उच्चारलेला शब्दाच्या शेवटचा ‘अ’सुद्धा लिहिलेला असतो.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. शब्द मात्रेच्या आधी तोडावा आणि पुढे तारांकन (*) द्यावे, म्हणजे ‘सोलाप’ किंवा ‘विड’ एवढेच ठेवावे. बऱ्याच प्रणालींत हे चालते. दुसऱ्या शोधात विडंबनकाव्याच्या नोंदीही येतील, त्या सोडून द्याव्यात. वहीच्या एका पानावर आपल्या विषयातील प्रत्येक शब्दाची सगळी रूपे लिहून काढावीत आणि जे रूप जिथे शोधून झाले त्यावर खूण करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून ‘या विषयावर मराठीत फारसे लेखन उपलब्ध नाही’ असे वाक्य आराखड्यात लिहू नका. ते वाक्य समितीतला एखादा जाणकार सदस्य एकाच पुस्तकाचे नाव घेऊन खोडून काढू शकतो.

आता हाती असलेल्या त्या एका चांगल्या पुस्तकाकडे वळू. त्याची नोंद उघडल्यावर बहुतेक जण कपाट क्रमांक टिपतात आणि पान बंद करतात. तसे न करता ती नोंद शेवटपर्यंत वाचावी. तिच्यात विषयशीर्षके असतात, मालिकेचे नाव असते, संपादक आणि अनुवादकही असतात, आणि कोहासारख्या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत यांतल्या बहुतेकांवर टिचकी मारता येते. विषयशीर्षक हे तालिका तयार करणाऱ्याने ठरवून दिलेले नाव असते, त्यामुळे पुस्तकाच्या शीर्षकात ‘विडी’ हा शब्द मुळीच नसला तरी ते ‘स्त्री कामगार’ किंवा ‘तंबाखू उद्योग’ या शीर्षकाखाली सापडते. स्वतःच्या मनातले शब्द सोडून नोंदीतले शब्द उचलायचे, एवढे साधले की शोधाची दिशाच बदलते.

वर्गांकाचा, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेल्या क्रमांकाचा, उपयोगही आहे, मात्र त्याच्या मर्यादेसह. ड्यूई दशांश पद्धतीत एका पुस्तकाला एकच जागा मिळते, म्हणून माझा विषय कपाटांवर विखुरलेला होता: स्त्री कामगारांची पुस्तके 331.4 मध्ये, तंबाखूपासून बनणाऱ्या वस्तूंची 679.7 मध्ये, कामगार कायद्याची 344.01 मध्ये, महाराष्ट्राच्या इतिहासाची 954.792 मध्ये, आणि याच जगण्यावरची मराठी कादंबरी 891.463 मध्ये. कपाटाशी उभे राहून शेजारची पुस्तके चाळण्यात मोठा आनंद आहे, तो जरूर घ्यावा. पण एकाच कपाटाशी थांबलात तर विषयाचा एक तुकडाच हाती येईल. कादंबऱ्यांच्या बाबतीत वर्गांक जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण त्या एका क्रमांकाखाली लेखकांच्या नावांनी लावलेल्या असतात आणि आपल्याकडे त्यांना विषयशीर्षके क्वचितच दिली जातात. त्यासाठी प्रबंधांच्या संदर्भसूची हाच मला सापडलेला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध विनामूल्य वाचता येतात. आपल्या विषयाजवळचा प्रबंध उघडून थेट शेवटच्या पानांवर जावे आणि तिथली नावे एकेक करून तालिकेत शोधावीत. जुन्या मराठी पुस्तकांसाठी शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची आहे. तिचा पहिला भाग 1800 ते 1937 आणि पुढचा 1938 ते 1950 या काळाचा आहे, आणि संगणकावर कधीच न चढलेली कितीतरी पुस्तके तिच्यात भेटतात.

वरिष्ठ विद्यार्थ्यांकडून पेन ड्राइव्हमध्ये मिळणाऱ्या पीडीएफच्या गठ्ठ्यांविषयी माझे मत कठोर आहे. तो गठ्ठा दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नासाठी जमवलेला असतो आणि तो वाचता वाचता आपला प्रश्न त्यांच्यासारखा होऊन जातो. काही मार्गदर्शक प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे एकच यादी देतात, तिचेही तसेच. खरेदीच्या संकेतस्थळांवरच्या शिफारशी प्रामुख्याने लोकांच्या खरेदीवर आणि पाहण्यावर बेतलेल्या असतात, त्यामुळे कमी खपलेले पण मोलाचे पुस्तक तिथे वर येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना यादी मागितली तर अस्तित्वात नसलेली पुस्तकेही खऱ्यासारख्या नावांनी येतात. तालिकेत प्रत्यक्ष नोंद पाहिल्याशिवाय असे एकही नाव वहीत उतरवू नका. याउलट संदर्भ विभागातील ग्रंथपालांना विचारायला मात्र संकोच करू नका. जुन्या वाचनालयांत काही नोंदी केवळ तालिका कार्डांवर किंवा दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेली पुस्तके क्रमाने लिहिलेल्या वहीत, असतात, आणि त्या कुठे पाहायच्या हे तिथे काम करणाऱ्यांनाच ठाऊक असते. माझी दोन महत्त्वाची पुस्तके अशी कार्डांवरून निघाली. तीही तेलुगू होती, आणि मी तोवर त्या भाषेत शोधलेच नव्हते. सोलापूरवर काम करणाऱ्याने मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू नोंदीही पाहिल्या पाहिजेत. भाषा येत नसेल तर ती येणाऱ्या मित्राला शेजारी बसवावे.

सुरुवातीला हे सगळे मिळून डोंगराएवढे वाटेल, तरी घाबरून जाऊ नका. एका नोंदीतून दोन विषयशीर्षके आणि एका प्रबंधातून चार नावे मिळाली, तरी पहिल्या बैठकीसाठी ते पुष्कळ आहे, आणि पुढे तीच ती नावे पुन्हा पुन्हा दिसू लागली की विषयाचा मुख्य साठा आपल्या आवाक्यात आला असे समजावे.

पुस्तकाची नोंद मिळाली पण ते सोलापुरात नाही, असेही होईल. अशा वेळी इन्फ्लिबनेटच्या इंडकॅट या सामायिक तालिकेत ते कोणत्या विद्यापीठात आहे ते पाहावे, तुमचे ग्रंथालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सदस्य असेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज भरावा आणि त्यात शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि आवृत्ती नोंदीतून जशीच्या तशी उतरवावी. अर्जातले लेखन नोंदीशी जुळले नाही, तर पलीकडच्या ग्रंथालयातही तुमच्यासाठी शून्यच नोंदी निघतील.