स्विचचा स्टॅक लावताना मुख्य कोण, ते आधी ठरवा

सिस्को कॅटॅलिस्ट ९३०० सारख्या नेटवर्क स्विचचा स्टॅक (केबलने जोडून एकाच स्विचसारखे चालणारे अनेक स्विच) लावायचा असेल, तर केबल जोडण्याआधी प्रत्येक स्विच एकेकटा चालू करून सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि लायसन्सची पातळी जुळते का, ते बघा. आवृत्ती वेगळी असली की नवा सदस्य, म्हणजे स्टॅकमधला नवा स्विच, यादीत दिसतो, पण सहसा कामाला लागत नाही.

मग प्रायॉरिटी, म्हणजे स्टॅक सांभाळणारा मुख्य स्विच निवडण्याचा आकडा; मोठा आकडा जिंकतो. ती १ ते १५ असते आणि मुळात सगळ्यांची १ असते. तशीच सोडलीत, तर कोण आधी सुरू झाला, कोणाचा मॅक पत्ता (स्विचचा हार्डवेअर क्रमांक) लहान, यावर मुख्य स्विच ठरतो; म्हणजे निवड तुमच्या हातातून गेलीच. मुख्यला १५ आणि त्याच्या जागी येणाऱ्याला १४ द्या. एकदा निवड झाली की आकडा बदलून लगेच काही होत नाही, स्टॅक रीलोड, म्हणजे पुन्हा सुरू, केल्यावरच बदल दिसतो.

नवा सदस्य नेहमी वीज बंद ठेवूनच जोडा, हे फार महत्त्वाचं. चालू स्विच चालू स्टॅकला जोडला तर दोन स्टॅक एकत्र येतात आणि हरलेली बाजू रीलोड होते. नव्याची प्रायॉरिटी जास्त निघाली तर भर कामाच्या वेळी तुमचा चालता स्टॅकच बसतो.

शेवटच्या स्विचची केबल पहिल्याला आणून रिंग पूर्ण करा. एक केबल राहिली तरी सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे ती चूक लक्षात येत नाही. स्टॅक पोर्टची स्थिती मुद्दाम तपासा. अपलिंक (स्टॅकला बाकीच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या केबल) मात्र दोन वेगळ्या सदस्यांवरून घेऊन एकाच पोर्ट-चॅनेलमध्ये, म्हणजे अनेक जोडण्यांच्या एका गटात, बांधा.