टेंपरेचर गेज तपासताना या चुका टाळा

जुन्या गाडीचा टेंपरेचरचा काटा वर गेला की लोक आधी नवा सेंडर (इंजिनात बसणारा, पाण्याचं तापमान गेजला कळवणारा सेन्सर) आणतात आणि वायर कुठे जाते ते मग बघतात. आटे जुळले म्हणून बसवलेला दुसऱ्याच गाडीचा सेंडर तर आयुष्यभर खोटंच दाखवतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे शेजारच्या पेट्रोलच्या काट्याकडे न बघणं. साठच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत दोन्ही गेजना एकाच स्टॅबिलायझरमधून, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डबीतून, सरासरी १० व्होल्ट मिळतात. आतली द्विधातूची (दोन धातू जोडलेली, तापली की वाकणारी) पट्टी तापते, करंट तोडते, गार होते, पुन्हा जोडते. त्यासाठी स्टॅबिलायझरच्या बॉडीला पक्की अर्थ (गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी विजेची जोडणी) लागते. ती तुटली की पट्टी तापतच नाही, बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज पुढे जातो आणि दोन्ही काटे चढतात.

एका ओळखीच्याने 'इंजिन तापतंय' म्हणून सेंडर बदलला, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरही उतरवून साफ करून घेतला. काटा तिथेच. गाडी माझ्याकडे आली तेव्हा टाकीत पेट्रोल जेमतेम होतं आणि काटा म्हणत होता पाऊण टाकी! रंगकामासाठी डॅशबोर्ड काढला होता, तेव्हा स्टॅबिलायझरचा स्क्रू परत लावलाच नव्हता. तो बिचारा वायरींवर लोंबकळत होता. स्क्रू घट्ट केला, दोन्ही काटे जागेवर आले. इतके पैसे घालण्याआधी त्याने दोन गेजकडे एकदा नजर टाकली असती तर?

हा स्टॅबिलायझर डिजिटल मल्टीमीटरने मोजला तर आकडे उड्या मारतात आणि नवशिके त्याला बाद ठरवतात. करंट तोडत-जोडत चालणं हेच त्याचं काम. मी काट्याचा जुना मीटर खास यासाठी जपून ठेवलाय.

दुसरी चूक, सेंडरची वायर काढून इंजिनला टेकवणं आणि धरूनच बसणं. वायर मोकळी असताना काटा थंडकडे आणि अर्थ केल्यावर गरमकडे गेला, तर गेज आणि वायर ठीक. पण द्विधातूच्या गेजचा काटा सावकाश चढतो, आणि उतावळे लोक तो टोकाला आपटेपर्यंत वायर दाबून धरतात. तेवढ्यात आतली कॉइल जळू शकते. काटा हलला, अर्ध्यापुढे गेला, झालं; वायर काढा.

सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे गुंडाळू नका. बहुतेक एका वायरच्या सेंडरला अर्थ आट्यांतूनच मिळते. सेंडरची बॉडी आणि इंजिन यांच्यात विजेचा रोध जवळपास शून्य ओहम हवा.

सेंडर पाण्यात तपासायचा तर टर्मिनल कोरडं ठेवा, शेजारी थर्मामीटर बुडवा आणि पाणी हळूहळू तापवा. ओहम सलग उतरत गेले पाहिजेत. मध्येच अडकले किंवा उसळले तर सेंडर गेला. नेमके आकडे त्याच गाडीच्या मॅन्युअलमधले घ्या, दुसऱ्या मॉडेलचे नकोत.

केशिकानळीचा गेज असेल तर तिथे वायरच नसते, इंजिनापासून गेजपर्यंत बारीक बंद नळी जाते. नळी कापली किंवा करकचून वाकवली की संपला.

चकचकीत धातूवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून 'इंजिन तर गारच आहे' म्हणू नका. त्या जागी काळी टेप चिकटवून मग मोजा.

आणि काटा खाली आहे म्हणून निश्चिंत होण्याआधी, इंजिन पूर्ण गार झाल्यावर, रेडिएटरमधलं पाणी बघा. पातळी उतरली की सेंडर हवेत उघडा पडतो आणि इंजिनचं हेड भाजत असतानाही काटा निवांत दिसतो.