सीईटीच्या आधी: ५४ सेकंदांची तयारी

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सची ९० मिनिटं वेगळी, पण इकडे वाचवलेला वेळ तिकडे नेता येत नाही. म्हणून आधी क्रम ठरवा. केमिस्ट्री पहिली, ३५ मिनिटांत. उरलेली ५५ फिजिक्सला. नौपाड्यातल्या माझ्या शिकवणीत दरवर्षी कुणीतरी हट्टाने फिजिक्सपासून सुरू करतं आणि मॉकमध्ये केमिस्ट्रीचे हातातले मार्क घालवून बसतं.

मग बोर्डाची सवय मोडा. तिथे लॉग टेबल असतं, पायऱ्यांना मार्क असतात. इथे दोन्ही नाही. त्यामुळे पेन उचलायच्या आधी पर्याय बघा. परवा वर्गात गणित दिलं: प्रथम कोटीची अभिक्रिया, अर्धायुकाल (उरलेल्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ) २० मिनिटं, ९० टक्के पूर्ण व्हायला किती वेळ? पर्याय ४०, ५८, ६६, ९३. सगळ्यांनी २.३०३ लिहून भागाकार मांडला. एक मुलगी मात्र बोटं मोजत होती: ४० मिनिटांत ७५ टक्के, ६० ला ८७.५, ८० ला ९३.७५. ९० टक्के ६० आणि ८० च्या मध्ये, आणि तिथे पर्याय एकच, ६६. तिने रफ कागदाला हातही लावला नव्हता! पर्याय जवळजवळचे असतील तेव्हाच पूर्ण आकडेमोड करा.

पाठ हवंच असं थोडंच आहे: ३० पर्यंतचे वर्ग, √२, √३, लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१, आणि १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा थेट इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली येईपर्यंत हे म्हणून होतं. रफ कागदावर प्रश्नाचा नंबर टाकून चौकट करा, नाहीतर परत आल्यावर आपलंच अक्षर शोधत बसाल.

दीड मिनिटात वाट सापडली नाही तर पुढे जा. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांत राहिलेल्या सगळ्यांना काहीतरी टिक करा. जेईई मेन देणाऱ्यांनी ही सवय तिकडे नेऊ नका, तिथे चुकीला एक मार्क कापतात.

सेंटर नवी मुंबईत आणि पेपर रविवारी असेल, तर ट्रान्स हार्बरला, म्हणजे या ठाणे-वाशी लोकलच्या मार्गावर, मेगाब्लॉक आहे का ते शनिवारीच बघा.