चढायच्या भिंतीवर पाढे आणि गोदावरी

सातचा पाढा घोकताना मुलं कंटाळतात, इनडोअर क्लाइंबिंगच्या भिंतीवरून मात्र उतरायला तयार नसतात. मग पाढाच भिंतीवर न्या. कागदी मास्किंग टेप आणि मार्कर एवढंच लागतं.

१. डावीकडून उजवीकडे आडवं सरकता येईल अशी बुटकी भिंत निवडा. प्रशिक्षकांना आधी विचारा.

२. होल्डशेजारी (होल्ड म्हणजे भिंतीवर हातापायांनी पकडायचे उंचवटे) ७, १४, २१ असे ७० पर्यंत आकडे लावा. अंतर मुलाच्या हाताला पुरेल एवढंच. मधे २७, ४८, ५४ असे फसवे आकडे पेरा. हात फक्त पाढ्यातल्या आकड्यावर, पाय कुठेही.

३. परत येताना उलटा पाढा. खरा कस इथेच लागतो.

४. मग त्याच भिंतीवर गोदावरी: त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, नांदेड, राजमहेंद्री. डावीकडे पश्चिम, उजवीकडे पूर्व, अगदी नकाशासारखं. आमची लेक पैठणला लोंबकळत “पुढचं गाव सांगा ना!” म्हणून ओरडली होती, नांदेड तिच्या अजून पक्कं लक्षात आहे.

टेप होल्डवर मात्र चिकटवू नका, बाजूला भिंतीवरच लावा. टेपवरून पाय सटकतो. खाली मॅट हवीच.