एका आठवड्यात सात साइट : मोजणीच्या फिरतीत या चुका टाळा

पुण्यात कार्यालय असलेल्या मोजणी-पथकाचा आठवडा कागदावर फार सोपा दिसतो. सोमवारी मुळशी, मंगळवारी शिरूर, बुधवारी भोर, गुरुवारी जुन्नर. सगळे एकाच जिल्ह्यात तर आहे, असे म्हणून ग्राहकांना तारखा दिल्या जातात आणि शुक्रवारी संध्याकाळी उरलेली कामे शनिवारवर ढकलली जातात. मी अशा अनेक आठवड्यांत गाडीही चालवली आहे आणि रोव्हरही, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून बिंदूची जागा टिपणारे काठीवरचे यंत्रही, धरला आहे. नंतर नकाशात सापडलेल्या चुकांचा माग काढत गेलो, तेव्हा त्यांतील बहुतेकांचे मूळ यंत्रात नव्हे, तर त्या दिवशीच्या प्रवासात निघाले.

पहिली चूक आखणीतच होते. ज्या ग्राहकाचा फोन आधी आला त्याची साइट आधी, या क्रमाने आठवडा लावला की भोरनंतर जुन्नर येते. हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याच्या मधोमध संपूर्ण पुणे शहर आहे; नवले पूल ओलांडून नाशिक फाट्याला पोहोचेपर्यंत अर्धी सकाळ संपते आणि पुढे चाकणच्या चौकात कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याची वेळ गाठली, तर उरलेली अर्धीही जाते. त्यामुळे साइट दिशेनुसार बांधाव्यात. खेड, आंबेगाव आणि जुन्नर एका फेरीत घ्यावेत आणि नारायणगावला मुक्काम करावा. दौंड, बारामती आणि इंदापूर दुसऱ्या फेरीत घ्यावेत आणि बारामतीला राहावे. मुक्कामाचा खर्च पाहून मालक नाक मुरडतात, परंतु रोज शहरात परतण्याचे डिझेल आणि वाया गेलेले तास मांडून दाखवले की बहुधा वाद मिटतो. आषाढी वारीच्या दिवसांत तारीख देण्यापूर्वी पालख्यांचे वेळापत्रक पाहावे, कारण ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी त्या वाटेने सासवडला गाडी नेण्याचा विचारच करू नये.

दुसरी चूक गावाच्या नावाची. पुणे जिल्ह्यात नुसते ‘वडगाव’ म्हणून भागत नाही : वडगाव मावळ आहे, शिरूर तालुक्यात वडगाव रासाई आहे, आंबेगावात वडगाव काशिंबेग आहे, बारामतीत वडगाव निंबाळकर आहे, आणि शहरातले वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक व वडगाव खुर्द वेगळेच. आमच्या एका नव्या चालकाला ‘खेडला सकाळी आठला’ एवढाच निरोप मिळाला होता. तो बरोबर आठ वाजता सातारा रस्त्यावर खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ उभा होता, आणि आम्ही ट्रायपॉडशिवाय उत्तरेला राजगुरुनगरात, म्हणजे तालुक्याच्या खेडात. चूक त्याची नव्हती. निरोपात गाव, तालुका, गट नंबर आणि नकाशावरची खूण या चारही गोष्टी लिहूनच द्याव्यात, आणि ती खूण शेतमालकाने जागेवर उभे राहून पाठवलेली असावी; गावाचे नाव टाकल्यावर फोन जिथे नेतो, ते बहुतेक वेळा ग्रामपंचायतीचे कार्यालय असते.

त्याच फोनवर रस्त्याचीही चौकशी करावी, मात्र ‘रस्ता आहे का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘आहे की’ असेच येते, आणि सांगणाऱ्याच्या दृष्टीने ते खरेही असते, कारण त्याचा ट्रॅक्टर तिथून रोज जातो. ‘टेम्पो बांधापर्यंत येतो का, आणि काल पाऊस झाला का?’ असे विचारले की खरी परिस्थिती कळते. पूर्वेकडच्या तालुक्यांत पाऊस कमी पडतो, पण काळ्या मातीच्या पाणंदीत एक चांगली सर पुरते. चाक रुतलेच तर ॲक्सिलरेटर देऊ नये, चाक जागेवर फिरून आणखी खोल जाते. आधी सामान उतरवावे, चाकापुढची माती खोऱ्याने काढावी, उसाचे पाचट मिळाल्यास ते चाकाखाली घालावे आणि दुसऱ्या गिअरमध्ये हलके निघून पाहावे. त्यानेही भागले नाही तर ट्रॅक्टर बोलवावा आणि दोर बंपरला न बांधता गाडीच्या टोचन-हुकालाच अडकवावा.

आता ज्या चुकीने सर्वांत जास्त नुकसान होते तिच्याकडे येतो. उशिरा पोहोचलेले पथक बेस घाईने लावते; बेस म्हणजे ठरलेल्या बिंदूवर ट्रायपॉडवर स्थिर ठेवलेले यंत्र, ज्याच्या आधाराने रोव्हर आपली जागा काढतो. ट्रायपॉड उभा राहतो, बुडबुडा मध्यात येतो, आणि अँटेनाची उंची मोजायची वेळ आली की मोजपट्टी मागच्या साइटवर राहिल्याचे लक्षात येते. मग कोणीतरी म्हणते, ‘कालच्याइतकीच आहे, एक पॉइंट बावन्न टाका.’ नोंदवलेली उंची प्रत्यक्षापेक्षा दहा सेंटिमीटर जास्त असेल, तर त्या दिवशी रोव्हरने घेतलेला प्रत्येक बिंदू दहा सेंटिमीटर वर जातो. बांधाची जागा सरकत नाही, क्षेत्रफळ बरोबर येते, म्हणून संध्याकाळी कोणालाच काही खटकत नाही. पण वेगवेगळ्या दिवशी मोजलेले बिंदू जोडून पाइपलाइनचा किंवा नाल्याचा उतार काढायला कोणी बसले की पाणी वर चढताना दिसते. शिरूरकडच्या एका कामात आम्ही हेच केले होते. तेथे दोन दिवसांची मोजणी होती आणि पहिल्या व दुसऱ्या दिवसाच्या बिंदूंमध्ये शेताच्या मधोमध चक्क एक पायरी तयार झाली होती.

यावर उपाय दोन आहेत. पहिला असा की उंची तिरकी मोजली की सरळ, आणि अँटेनाच्या कोणत्या खुणेपर्यंत मोजली, हे फील्ड बुकात लिहून मोजपट्टीसकट फोटो काढावा, आणि काम संपल्यावर बेस उतरवण्यापूर्वी पुन्हा मोजावे. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक साइटवर, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या दहा मिनिटांत, आधी मोजलेल्या दोन पक्क्या बिंदूंवर रोव्हर ठेवून फरक पाहणे. आडव्या दिशेत जुळते आणि उंचीत सर्वत्र सारखाच फरक येतो, तर अँटेनाच्या उंचीवर संशय घ्यावा. ही चूक एकसमान असल्यामुळे खरी उंची फोटोवरून मिळाली तर कार्यालयात बसूनही दुरुस्त करता येते. सर्व बिंदू एकाच दिशेला सारखेच सरकले असतील, तर बेस चुकीच्या खुंटीवर लागला आहे किंवा त्याचे निर्देशांक चुकीचे भरले गेले आहेत. फरक प्रत्येक ठिकाणी वेगळा येत असेल, तर फिक्स (पक्की, अचूक जागा) न मिळता फ्लोटमध्येच (कच्च्या अंदाजावर) वाचने घेतली गेल्याची शक्यता मोठी असते, आणि ती वाचने दुरुस्त होत नाहीत, पुन्हाच घ्यावी लागतात.

वेळ वाचवण्यासाठी दोन गावांना मिळून एकच बेस ठेवण्याचा मोहही प्रवासाच्या कंटाळ्यातूनच येतो. यंत्राच्या माहितीपत्रकात साधारणपणे काही मिलिमीटर अधिक दर किलोमीटरला एक मिलिमीटर अशी अचूकता दिलेली असते, म्हणजे दहा किलोमीटरवर त्या एका कारणानेच सेंटिमीटरभर भर पडते. मुळशी आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत तर डोंगर आडवा आला की रेडिओ तेवढे अंतर गाठतच नाही. तिथे मोबाइलची रेंजही बेभरवशाची असल्याने इंटरनेटवरून मिळणाऱ्या कॉर्स (कायमस्वरूपी बसवलेल्या संदर्भ-केंद्रांच्या) दुरुस्त्यांवर विसंबून निघू नये. बेस सोबत न्यावा आणि कच्चा डेटा मेमरीत नोंदवत राहावा, म्हणजे गणन नंतर करता येते. बेसच्या अगदी शेजारी गाडी लावण्याची सवयही मोडावी, कारण पत्र्यावरून परावर्तित झालेले संकेत अँटेनात शिरतात. सावलीसाठी गाडीजवळ यंत्र लावणारे पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात मीही त्यांच्यात होतो.

टोटल स्टेशन, म्हणजे दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणारे यंत्र, डिकीत उघडे किंवा मागच्या सीटवर आडवे ठेवून पाबे घाट उतरू नये. ते पेटीतच, फोमसकट, दोन सीटांच्या मध्ये घट्ट बसवावे, आणि खराब रस्त्याच्या प्रवासानंतर एकाच लक्ष्यावर दुर्बीण उलटवून डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंनी वाचन घेऊन यंत्र हलले आहे का हे तपासावे. भर उन्हात बंद गाडीत तापलेल्या यंत्राला सावलीत थोडा वेळ बाहेर राहू द्यावे, मगच वाचने घ्यावीत.

गाडीबद्दल थोडक्यात. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, सारखा ब्रेक दाबत उतरल्यास तो तापून ऐनवेळी लागत नाही. स्टेपनीची हवा सोमवारी पाहावी; पंक्चर झाल्यावर पाहून उपयोग नसतो. गाळप हंगामात दौंड, बारामती आणि इंदापूरकडे अंधारात गाडी चालवणे शक्यतो टाळावे, कारण उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे दिवा असेलच असे नाही आणि समोरच्या झोतात ती ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दिवसभर रोव्हर धरलेल्या माणसाने रात्री स्टिअरिंगही धरू नये. जुन्नर आणि आंबेगावात उभ्या उसाच्या कडेने हद्द मोजायची असेल, तर पहाट आणि तिन्हीसांज वगळून वेळ ठरवावी आणि एकट्या मदतनिसाला खुंटी घेऊन पुढे पाठवू नये. बिबट्याचा वावर तिथे नेहमीचा आहे, गावकरी सांगतील ते ऐकावे.

राहिला डेटा. ‘शनिवारी एकदमच उतरवू’ म्हणून आठवडाभराची वाचने रोव्हरच्या कंट्रोलरमध्येच ठेवली जातात आणि पाच साइटच्या पाच फायलींना ‘न्यू जॉब’ हेच नाव असते. मुक्कामाच्या खोलीत बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या की त्याच वेळी फाइल लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर घ्यावी, तिच्या नावात तारीख, गाव आणि गट नंबर घालावा, आणि बिंदू नकाशावर एकदा उघडून पाहावेत. एखादा कोपरा सुटल्याचे रात्री नारायणगावात कळले, तर तो सकाळी जाता जाता मोजता येतो. तेच पुण्यात सोमवारी कळले, तर पुन्हा चाकणच्या चौकातून जावे लागते.